कुमार वाद्यवृंदाचा युरोप दौरा: आधी यजमान पारखा

प्रश्न: ठाण्यात नौपाड्याला आमचा संगीतवर्ग आहे. ११ ते १८ वयाच्या २४ मुलांचा वाद्यवृंद आहे: तबला, पखवाज, पेटी, सतार, बासरी, व्हायोलिन, जोडीला संबळ-हलगी आणि सहा गाणारी मुलं. ऑस्ट्रिया-जर्मनीतल्या एका युवा संगीत महोत्सवाचं जुलैसाठी ई-मेलने निमंत्रण आलं आहे. माणशी दोन लाखांच्या वर खर्च सांगतात. पालक उत्साहात आहेत, मला मात्र धाकधूक आहे. जावं का? जायचं तर तयारी कुठून सुरू करावी?

उत्तर:

आधी ते ई-मेल पुन्हा एकदा नीट वाचा. तुमच्या वृंदाचं नाव सोडलं तर त्यात तुमच्याबद्दल एक तरी वाक्य आहे का? कुठला व्हिडिओ पाहिला, कुठली रचना आवडली, सतारीला संबळाची साथ ऐकून काय वाटलं, असं काही? नसेल तर तेच पत्र त्याच दिवशी आणखी कितीतरी वर्गांना गेलं असणार. अशा महोत्सवांचं गणित सरळ असतं. तीन-चार रात्रींचं हॉटेल, सहभाग शुल्क, वीस मिनिटांचं सादरीकरण, प्रमाणपत्र, ट्रॉफी. समोर श्रोते म्हणजे तुमच्यासारखेच आलेले बाकीचे गट, आणि त्यातले निम्मे आपला नंबर झाला की बस पकडायला निघालेले. याला फसवणूक म्हणता येणार नाही, शुल्क चांगले महोत्सवही घेतात. पण पालकांना जी निवड वाटते ते बुकिंग असतं. व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनचा १८७० सालचा सोनेरी हॉल जगात नावाजलेला आहे, आणि तो भाड्यानेही मिळतो. मुलांना तिथे वाजवायला मिळणं मोठंच आहे; फक्त ‘व्हिएन्नाने बोलावलं’ असं व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी भाडं कोण भरतंय ते बघावं.

दौरा बरा होणार की वाईट हे यजमान ठरवतो. यजमान म्हणजे तिथला असा कोणीतरी, ज्याला तुमचा कार्यक्रम पडला तर स्वतःची लाज वाटेल. एखाद्या गावची संगीतशाळा, कॉयर, नगरपालिका, महाराष्ट्र मंडळ, कोणीही चालेल. महोत्सववाल्यांना आजच लिहा आणि नेमकं विचारा: आमचे कार्यक्रम किती, कुठल्या सभागृहात, किती मिनिटांचे? श्रोते तिकीट काढून येतात का? तुमची संस्था ना-नफा म्हणून नोंदलेली आहे का? गेल्या वर्षी भारतातून किंवा आशियातून कोण आलं होतं, त्यांच्या शिक्षकांशी आम्हाला बोलता येईल का? शेवटच्या प्रश्नाला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाऊ नका. उलट ‘हे घ्या, यांना फोन करा’ असं उत्तर आलं तर अर्धं काम झालं.

ना-नफा असण्याचा मुद्दा व्हिसासाठीही कामाचा आहे. ऑस्ट्रिया-जर्मनीला मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आणि ६ ते ११ वयाच्या मुलांना ४५ युरो आहे. बाराव्या वर्षापासून मोठ्यांचंच शुल्क लागतं. पण युरोपच्या व्हिसा नियमांत एक सवलत आहे. ना-नफा संस्थेने भरवलेल्या सांस्कृतिक कार्यक्रमाला दुसऱ्या ना-नफा संस्थेचे २५ वर्षांपर्यंतचे प्रतिनिधी जात असतील तर व्हिसा शुल्क माफ होतं. तुमचा वर्ग ट्रस्ट किंवा सोसायटी म्हणून नोंदलेला असेल आणि यजमानाच्या पत्रात त्यांचा नोंदणीचा तपशील असेल, तर २४ मुलांचे मिळून दोन लाखांच्या आसपास वाचतात. व्हिसा केंद्राचं सेवा शुल्क वेगळं, ते भरावंच लागतं. ही सवलत खिडकीवर आपणहून कोणी सांगत नाही. अर्जासोबतच्या पत्रात तुम्हीच मागायची.

व्हिसाचं बाकीचं थोडक्यात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. पण मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत सुट्टीवाल्यांची झुंबड असते, तेव्हा गटासाठी एकत्र वेळ मिळणं कठीण. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. बारा वर्षांपुढच्यांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. अठराच्या आतल्या मुलांच्या अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात, म्हणून ज्यांचे बाबा दुबईला किंवा बोटीवर असतात त्यांची यादी पहिल्या पालकसभेतच करा. पासपोर्टही त्याच सभेत गोळा करून तारखा बघा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तिसरीत काढलेला आठवीत संपतो, आणि परतीच्या तारखेनंतर तो निदान तीन महिने चालू असावा लागतो. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्रात नूतनीकरण होतं, पण पोलीस पडताळणी कुणाची चार दिवसांत होते आणि कुणाची लांबते, तेव्हा ते काम व्हिसाच्या आधी उरकलेलं बरं. युरोपच्या सीमेवर ऑक्टोबर २०२५ पासून नवी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे, त्यात शिक्क्याऐवजी प्रत्येकाचा फोटो घेऊन संगणकावर नोंद होते. चोवीस मुलं आणि चार मोठी माणसं त्या रांगेतून जायची आहेत. पहिल्या युरोपीय विमानतळावर पुढचं विमान दीड तासाचं असेल तर तिकीट काढणाऱ्याला तिथेच थांबवा.

आता कार्यक्रम. कागदपत्रं एजंटही करेल, हे मात्र तुम्हालाच करायचं आहे.

युरोपात मुलांच्या मैफली बऱ्याचदा चर्चमध्ये होतात. उंच दगडी इमारत, आत गालिचा नाही, पडदे नाहीत. टाळी वाजवली की तिचा नाद तीन-चार सेकंद घुमत राहतो. अशाच एका चर्चमध्ये आमची तालीम होती. तबल्यावरच्या मुलाने द्रुत तीनतालात कायदा (बोलांची बांधलेली रचना) सुरू केला, दोन आवर्तनांनंतर हात उचलला आणि वर छताकडे बघत म्हणाला, ‘सर, माझं तिरकिट परत येतंय.’ खरंच येत होतं. त्याची पुढची बोटं आधीच्या बोलांवर पडत होती आणि खाली बसलेल्याला नुसता गडगडाट ऐकू येत होता. त्यानंतर एका मुलीने तानपुऱ्यावर भूपाचे चार सूर लावले, संथ, एकेक. ते त्या इमारतीने असे उचलून धरले की माईक लावणारा तिथला माणूस हातातली वायर तशीच धरून उभा राहिला. म्हणजे कार्यक्रम दोन तयार ठेवायचे. चर्चसाठी आलाप, संथ बंदिश, बासरी, सतारीचा जोड, अभंग असेल तर पखवाज मोकळ्या हाताचा आणि टाळ दोनच. चौकातल्या उघड्या मंचासाठी संबळ, हलगी, ढोलकी, लेझीम, जे काय दणकवायचं ते तिथे दणकवा.

याची तालीम ठाण्यात कुठे करायची? घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरच्या बेसमेंट पार्किंगमध्ये. मी थट्टा करत नाही. रविवारी सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारून तासभर घ्या. सिमेंटच्या भिंती, छताची उंची कमी, पण घुमतं तसंच. लय किती उतरवायची हे मुलांना सांगावं लागत नाही, त्यांचं त्यांना कळतं. रंगीत तालमीला गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृह परवडलं तर उत्तम, पण त्यातला एक भाग माईक बंद करून करा. आपल्या मुलांना माईकशिवाय वाजवायची सवयच राहिलेली नाही आणि तिथे बऱ्याच ठिकाणी माईक नसतो.

वीस मिनिटं म्हणजे वीसच. त्यात चढणं, बसणं आणि सूर लावणंही येतं. तबले आत ठोकून, सतारी आत मिळवून मंचावर यायचं, वर फक्त तपासायचं. मुलं जमिनीवर बसणार आहेत हे यजमानाला आधी कळवा आणि निदान गुडघाभर उंचीचा मंच आणि वर स्वच्छ सतरंजी मागा. तिथल्या सभागृहांत वादक खुर्चीवर बसतात असं धरलेलं असतं; मुलं सपाट जमिनीवर बसली तर तिसऱ्या रांगेनंतरच्या कुणालाही तबला दिसत नाही, नुसती डोकी दिसतात. मंचाचा साधा नकाशा काढून पाठवा: कोण कुठे बसतो, कुणाला किती माईक. तबल्याला दोन लिहा, नाहीतर डग्ग्याचा घुमारा हवेत विरतो. समई लावायची असेल तर तेही विचारा, बहुतेक ठिकाणी नाही म्हणतील. धुराचे सेन्सर आणि अग्निशमनाचे नियम कडक असतात. त्याच कारणाने चामड्याची हलगीही नेऊ नका. ती शेकायला जाळ लागतो आणि तो तिथे कोणी पेटवू देणार नाही. फायबरची न्या, आवाजात थोडं कमी पडेल, पण वाजेल तरी.

तिथल्या मुलांबरोबर एखादी रचना बसवायची असेल, आणि यजमान चांगला असेल तर तो हे सुचवेलच, तर पट्टी आधी ठरवा. आपल्या पेट्या साधारण ४४० हर्ट्झला लावलेल्या असतात. ऑस्ट्रिया-जर्मनीतले वाद्यवृंद आणि पियानो ४४२-४४३ला. फरक बारीक आहे, सतार, तबला, व्हायोलिन वर चढवता येतात, पेटी चढत नाही. त्या एका रचनेत पेटी बाजूला ठेवा, वाईट वाटून घेऊ नका. गाणाऱ्या मुलग्यांचंही बघा. तेरा-चौदाचा मुलगा दिवाळीत काळी चारला गात असेल तर जुलैपर्यंत त्याचा आवाज फुटलेला असू शकतो. त्याच्या चिजा दुसऱ्या कुणाकडून बसवून ठेवा आणि त्याला आधीच सांगा, म्हणजे विमानतळावर रडारड नको.

रचनांची यादी यजमान मागेल, कारण जर्मनीत गेमा आणि ऑस्ट्रियात एकेएम या स्वामित्वशुल्क गोळा करणाऱ्या संस्थांना ती द्यावी लागते. इथे आपले लोक अडखळतात. अभंगाचे शब्द तुकोबांचे, पण चाल? ती कुणा संगीतकाराने बांधलेली असेल तर त्याचं नाव लिहायचं, ‘पारंपरिक’ लिहून मोकळं व्हायचं नाही. तुमच्या वर्गात तुम्हीच बांधलेल्या रचनेखाली तुमचं नाव घाला.

वाद्यांकडे येतो. ठाण्याच्या पावसाळी हवेत उतरलेली तबल्याची पुडी (वरचं कातडं) विमानाच्या आणि वातानुकूलित बसच्या कोरड्या हवेत चढते. निघताना गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) वर घेऊन ताण कमी करा, पोचल्यावर लगेच ठोकत बसू नका, रात्रभर खोलीत राहू द्या. प्रत्येक पट्टीला एक जास्तीचा तबला हवा. शाई तडकली तर ऑस्ट्रियातल्या गावात पुडी बदलून कोण देणार? दायाँ मुलांनी हातातल्या सामानात घ्यावा, डग्गा आणि चुंबळ कपड्यांत गुंडाळून खाली. हातोडी मात्र चुकूनही केबिनमध्ये नको, सुरक्षा तपासणीत ती काढून घेतात, आणि हातोडीशिवाय तबलजी म्हणजे हात बांधलेला माणूस. सतार फायबरच्या पेटीत, तारा सैल करून. तिची लांबी एअरलाइनच्या नेहमीच्या मापाबाहेर जाते, म्हणून तिकिटाच्या वेळीच लेखी कळवून मंजुरी घ्या, काउंटरवर वाद नको. पेटी जड आहे आणि कुठल्याही एका डागाचं वजन ३२ किलोंच्या वर चालत नाही, तेव्हा तिच्या पेटाऱ्यात टाळ-चिपळ्या कोंबू नका.

वाद्यांतले काही भाग सीमाशुल्क खात्याच्या नजरेत येतात. जुन्या सतारीची घोडी सांबरशिंगाची असू शकते, एखाद्या खुंटीवर हस्तिदंत असू शकतो. अशी वाद्यं घरी ठेवा. कर्नाटक संगीतातली खंजिरी घोरपडीच्या कातड्याची असते, ती नकोच, १९७२चा वन्यजीव कायदा त्यावर स्पष्ट आहे. नाचणाऱ्या मुलींच्या वेणीत किंवा बासरीला मोरपीस बांधायची हौस असते, पण मोरपिसं देशाबाहेर न्यायला बंदी आहे. शिसवीच्या तबल्याची काळजी मात्र नको. शिसवीच्या सगळ्या जातींवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, पण २०१९च्या अखेरीपासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून महागड्या वाद्यांचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, फोटो आणि क्रमांकासह, म्हणजे परत येताना ‘ही नवी व्हायोलिन बाहेरून आणली का’ हा प्रश्न उरत नाही. फिक्की या उद्योगसंघटनेकडून मिळणारं एटीए कार्ने (सामान तात्पुरतं परदेशी नेण्याचा सीमाशुल्काचा कागद) हातातल्या वाद्यांसाठी शक्यतो लागत नाही. साउंडचं सामान कार्गोने पाठवणार असाल तरच त्या वाटेला जा.

मुलांच्या बाबतीत एकच हट्ट धरा: सहा मुलांमागे एक मोठं माणूस, त्यात मुलींसोबत दोन ताया असल्याच पाहिजेत, आणि हौशी पालकांना या मोजणीत धरायचं नाही. सोबत आलेले पालक आपल्याच मुलाचे फोटो काढतात, इतर पाचजणांवरचं लक्ष सुटतं. राहण्याची सोय कुटुंबांकडे होत असेल तर हॉटेलपेक्षा मी तीच घेईन, पण मुलं जोडीनेच ठेवा आणि घरांची यादी, पत्ते, कोण शाकाहारी, कुणाला दमा, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, हे सगळं महिनाभर आधी दोन्हीकडे गेलेलं असू द्या. ‘शाकाहारी’ म्हटल्यावर काहीजण मासे वाढतात, म्हणून सरळ लिहा: मांस नाही, मासे नाहीत, अंडं चालतं की नाही. जैन मुलं असतील तर त्यांच्यासाठी वेगळी ओळ. यजमानांना द्यायला आया हमखास पेढे बांधून देतात. ते देऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना युरोपीय संघात नेता येत नाहीत, आणि आंबेही रोपसंरक्षणाच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत. चिक्की, खाकरे, बाकरवडी खुशाल न्या.

पैशांबद्दल पालकसभेत एकच आकडा सांगू नका, फोड सांगा: विमान, तिथला प्रवास, राहणं, विमा-व्हिसा, वाद्यांचं जादा वजन, आणि अडीनडीचा निधी. त्यातच आणखी एक ओळ घाला, ज्या तीन-चार घरांना पूर्ण रक्कम झेपणार नाही त्यांच्यासाठीची. ती रक्कम निघण्याआधीच्या तिकीटविक्रीच्या कार्यक्रमातून आणि देणग्यांतून उभी करा. पैसे भरणारी मुलं दौऱ्यावर आणि चांगलं वाजवणारी घरी, असं झालं की वृंद परत आल्यावर टिकत नाही, हे मी एकाहून जास्त वर्गांत पाहिलं आहे. यजमान काही रक्कम देणार असतील तर ती देणगी आहे की सादरीकरणाचं मानधन, हे तुमच्या सीएला आधी विचारा. परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी लागते. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) कापला जाईल, तो ज्याच्या पॅनवर कापला त्याला रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो, म्हणून पावत्या पालकांच्या नावाने फाडा.

आणि जायचं का, याचं उत्तर. जुलैत ऑस्ट्रियात, म्हणाल तर, मी जाणार नाही. आपल्या शाळा जूनच्या मध्यात सुरू होतात, दहावीच्या मुलांचे पहिलेच आठवडे बुडतात. त्यात ऑस्ट्रियातल्या शाळा आणि संगीतशाळा जुलैच्या सुरुवातीलाच सुट्टीवर जातात, मग तुमच्या मुलांसोबत वाजवायला तिथली मुलं असणार कुठून? मे महिन्यात आपल्याला सुट्टी असते आणि त्यांची शाळा चालू असते. अडचण दोनच. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे सत्रात असतात, तेव्हा मध्यमा-विशारदला बसणाऱ्यांच्या तारखा आधी बघा. आणि जर्मनीत बव्हेरिया राज्यात पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवड्यांची सुट्टी मेअखेर-जूनमध्ये येते, ती यजमानाकडून विचारून घ्या.

जर्मनीत बहुतेक शहरांत सार्वजनिक संगीतशाळा असते. महोत्सवाची उत्तरं समाधानकारक आली नाहीत तर अशा दोन-तीन शाळांना तुमच्या मुलांचा दहा मिनिटांचा व्हिडिओ आणि एका पानाचं पत्र पाठवा, पुढच्या मेसाठी. पत्रात हेही लिहा की त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांची मुलं ठाण्यात येऊ शकतात, राहायला आमच्या मुलांची घरं आहेत. तसं पत्र लिहिण्याआधी मात्र पालकांना विचारा, वन बीएचकेमध्ये दोन जर्मन मुलं आठवडाभर ठेवायला कितीजण तयार आहेत.